मामाने आणलेली कॅसेट

तुम्ही म्हणाल, अडतीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, सकाळी तीन तास शाळेत इंग्रजी शिकवते, दुपारी घरचं बघते, आणि हिला हे काय वेड! आमच्या शेजारच्या काकूंनी तर एकदा तोंडावरच विचारलं, "काय गं, तुझ्याकडे सकाळी सकाळी कोण ओरडत असतं?" मी म्हटलं, "काकू, ओरडत नाही, गातोय. आणि तो आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला मुलगा आहे बरं!" काकूंना ते काही पटलं नाही. दूध उतू जाईल म्हणून त्या घाईनं आत गेल्या.

त्याचं नाव फ्रेडी मर्क्युरी. इंग्लंडमधल्या 'क्वीन' नावाच्या रॉक गटाचा तो गायक. रॉक म्हणजे गिटार, ड्रम आणि मोठा आवाज, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. मलाही तेवढंच ठाऊक होतं. पण सत्तावीस वर्षं झाली, मी या गटाची गाणी ऐकते आहे. बी.ए.चा अभ्यास, लग्न, दोन बाळंतपणं, कुकरच्या शिट्ट्या, सगळं यांच्या सोबतीनं पार पडलं. ही आवड मला कशी लागली आणि तिनं मला माझ्याच माणसांबद्दल काय दाखवून दिलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. यात एक गोष्ट अशी आहे की जी आमच्या घरात वीस वर्षं कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. मामीची परवानगी घेऊनच ती लिहिते आहे.

1998 सालची गोष्ट. मी तेव्हा सहावीत होते. शाळा मराठी, आणि आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, त्यामुळे माझी मजल 'दिस इज अ कॅट'पर्यंतच होती. माझा मामा इतवारीत एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचा. आजोळ महालात, आमच्या घरापासून सायकलवर वीस मिनिटं. त्या वर्षी मामा-मामी मुंबईला जाऊन आले आणि येताना मामाने माझ्यासाठी एक कॅसेट आणली. कव्हरवर चार जणांचे चेहरे. मामा म्हणाला, "घे. ऐकून ऐकून इंग्रजी शिकशील. आमच्यासारखी जन्मभर कापडाचे मीटर मोजत बसू नको."

ती क्वीनच्या गाजलेल्या गाण्यांची कॅसेट होती. पहिलंच गाणं लावलं आणि मी चक्रावून गेले. आधी अगदी हळू, अंगाईसारखं. मग एकदम पंचवीस-तीस माणसं एकमेकांशी भांडताहेत असं काहीतरी. त्यात मधेच 'बिस्मिल्ला' ऐकू आलं! मला वाटलं, हे इंग्रज कव्वाल असले पाहिजेत. मामाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. त्यानंतर रविवारी घरी आला की म्हणायचा, "लाव गं तुझी ती कव्वाली!"

नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. दुपारी बारा ते पाच खिडक्या बंद, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी, आणि कूलरचा घोंघाट. त्या घोंघाटात टेपरेकॉर्डरचा आवाज वाढवला तरी झोपलेल्या बाबांना पत्ता लागत नसे. मी जमिनीवर पालथी पडून, वीरकरांची डिक्शनरी पुढ्यात घेऊन, एकेक शब्द शोधत असे. निम्मे शब्द सापडतच नसत, कारण मी ते भलतेच ऐकलेले असत. टेप अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची, तुटली तर चिकटपट्टी लावायची. एका गाण्यात सायकलच्या घंट्या वाजतात. ते लागलं की धाकटा भाऊ अंगणात जाऊन बाबांच्या सायकलची घंटा वाजवायचा. दुसऱ्या एका गाण्याला सुरुवातीला वाद्यच नाही, दोनदा पाय आपटायचे आणि एक टाळी वाजवायची. आज माझ्या वर्गातली मुलं कंटाळली की मी त्याच तालावर त्यांच्याकडून स्पेलिंग म्हणून घेते. मुख्याध्यापिकाबाई दोनदा येऊन बघून गेल्या, पण स्पेलिंग पाठ होतात म्हटल्यावर काही बोलल्या नाहीत.

त्या गाण्यांनी मला इंग्रजीची भीती राहू दिली नाही, एवढं मात्र खरं. बी.ए.ला मी इंग्रजी साहित्य घेतलं आणि आज अर्ध्या दिवसाची का होईना नोकरी करते, त्याचं मूळ त्या कॅसेटमध्ये आहे.

मामा मात्र ती कॅसेट दिल्यानंतर वर्षभरसुद्धा राहिला नाही. दिवाळीत तो ओळखू येईना इतका वाळला आणि फेब्रुवारी 1999 मध्ये गेला. सगळ्यांना सांगण्यात आलं, टीबी होता. मला त्या दिवसांतलं एकच नीट आठवतं. आजोळी मामीचा कप वेगळा होता. इतर कपांबरोबर तो फडताळात नसे, न्हाणीघराच्या खिडकीत असे, आणि त्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला होता. मी विचारलं, "आजी, हा दोरा काहून बांधला?" आजी म्हणाली, "तुला काय करायचंय? खेळ जा." तेरावं झालं आणि मामी तिच्या माहेरी, हिंगणघाटला गेली. गेली म्हणजे तिला पोचवून आले. तिचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. आल्बममधला लग्नाचा फोटोसुद्धा कोणीतरी काढून टाकला.

2005 साली मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. धरमपेठेत मैत्रिणीबरोबर सायबर कॅफेत गेले. तासाला वीस रुपये. तिला कसला तरी फॉर्म भरायचा होता. तिचं झाल्यावर दहा मिनिटं उरली, म्हणून मी माझ्या गायकाचं नाव टाकलं. मनात असं होतं की पत्ता मिळाला तर पत्र पाठवावं. सात वर्षांचा तो विचार होता, मजकूरही तयार होता.

पडद्यावर आलं, मृत्यू, 24 नोव्हेंबर 1991.

म्हणजे मामाने कॅसेट आणली तेव्हा त्याला जाऊन सात वर्षं होत आली होती! मी इतकी वर्षं ज्याच्याशी मनातल्या मनात बोलत होते, तो नव्हताच. पुढे वाचलं. खरं नाव फारोख बलसारा. पारशी कुटुंब, मूळ गुजरातचं. जन्म 5 सप्टेंबर 1946, झांझिबारचा. 1955 साली, आठ वर्षांच्या पोराला आईवडिलांनी बोटीनं एवढ्या लांब पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. तिथेच त्याचा 'फ्रेडी' झाला, आणि तिथेच 1958 मध्ये पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. त्यात हा पियानो वाजवायचा. 1964 मध्ये झांझिबारला क्रांती झाली तेव्हा सगळं कुटुंब इंग्लंडला गेलं, आणि 1970 साली क्वीन सुरू झाली. मी अधाशासारखी वाचत होते. शेवटी मृत्यूचं कारण आलं. एड्स. वय पंचेचाळीस.

मग आजाराची लक्षणं वाचली. झपाट्यानं वजन उतरणं. तोंडात फोड. न हटणारा खोकला, न थांबणारा ताप. ते वाचता वाचता माझ्यासमोर दिवाळीतला मामा उभा राहिला. आणि खिडकीतला तो कप.

घरी आले. आई पोळ्या लाटत होती. मी सरळ विचारलं, "आई, मामाला टीबी नव्हता ना?" आईनं गॅस बंद केला. दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "हळू बोल." बस. पुढे ती काही बोलली नाही, पण माझं उत्तर मला मिळालं होतं. मामाला तो कुठून लागला हे मी तेव्हाही विचारलं नाही, नंतरही नाही. ज्याने मला ती गाणी दिली त्याचा हिशेब मी का मागायचा?

आता तुम्हाला वाटेल, मग ही लगेच मामीकडे गेली असेल. नाही गेले. खोटं कशाला सांगू? 'मोठी माणसं आहेत, त्यांनी काय ते विचारानं केलं असेल', अशी स्वतःची समजूत घातली. 2011 मध्ये माझं लग्न झालं. निमंत्रणाच्या यादीत मामीचं नाव नव्हतं आणि मीही ते घातलं नाही.

लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो. महाराष्ट्र एक्सप्रेसनं साताऱ्यापर्यंत, पुढे एस.टी.नं वाई आणि पसरणीचा घाट. पाचगणी येताच मी यांना म्हटलं, "अहो, मला इथली एक शाळा बघायची आहे." यांना वाटलं, बायको शिक्षिका आहे, शाळांची हौस असेल. सेंट पीटर्सच्या फाटकाशी आम्ही दहा मिनिटं उभे राहिलो. आतून मुलांचा गलका ऐकू येत होता. मी यांना सगळं सांगितलं. पियानो वाजवणारा दात पुढे असलेला पोरगा, त्याचा आवाज, त्याचं मोठं होणं. आजार मात्र सांगितला नाही. म्हटलं, "तरुणपणीच गेला." बघा, नव्या घरात शिरण्याआधीच मी आमच्या घरची रीत पुढे चालवली होती.

हे मात्र तसे चांगले. त्या दिवसापासून माझ्या आवडीची थट्टा करतात, पण आड येत नाहीत. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याची गोष्ट तर त्यांना इतकी आवडली की पाहुण्यांना तेच सांगतात. या ब्रायननं शाळेत असताना वडिलांच्या मदतीनं घरीच गिटार बनवली. लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. मोटारसायकलच्या स्प्रिंगा. पट्टीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं, आणि दांडीच्या टोकाला विणायच्या सुईचं टोक! पुढे तीच गिटार त्यानं जगभर वाजवली. आपल्या घरच्या बटणांच्या डब्यात काय काय दडलेलं असेल, सांगता येत नाही. हाच ब्रायन आकाशातल्या धुळीवर पीएच.डी. करत होता, ती गाण्यापायी अर्धवट सोडली आणि 2007 साली, साठाव्या वर्षी पुरी केली. आणि मला ज्या गाण्यात पंचवीस-तीस माणसं भांडताना ऐकू आली होती, ते 1975 सालचं 'बोहेमियन रॅप्सडी'. तो सगळा समुदाय म्हणजे फ्रेडी, ब्रायन आणि ड्रमवाला रॉजर टेलर, तिघंच. आपलेच आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित करून त्यांनी एकावर एक चढवले होते.

नोव्हेंबर 2018 मध्ये फ्रेडीवरचा चित्रपट नागपुरात लागला. मुलांना सासूबाईंकडे ठेवून आम्ही दोघं गेलो. चित्रपटात तारखा थोड्या मागेपुढे केल्या आहेत, माझ्यासारखीला ते लगेच कळतं. तो आपल्या सोबत्यांना आजार सांगतो तो प्रसंग 1985 च्या मोठ्या कार्यक्रमाआधी दाखवला आहे. प्रत्यक्षात ते त्यानंतर बऱ्याच काळानं घडलं. पण प्रसंग आला आणि मला रडू आवरेना.

कारण पुढचं मला माहीत होतं. आजार कळल्यावर त्या तिघांनी त्याला दूर केलं नाही. तो थकत गेला, उभं राहणं जड होऊ लागलं, तरी ते त्याच्याबरोबर स्टुडिओत बसत राहिले. 1991 ची शेवटची गाणी त्यानं अशाच अवस्थेत गायली. मागे ठेवलेला आवाज घेऊन उरलेली गाणी त्यांनी पुरी केली आणि 1995 मध्ये क्वीनच्या नावानं बाहेर आणली. पुरुषांशी त्याचे संबंध होते, त्यावर वर्तमानपत्रं चवीनं लिहीत होती, पण या तिघांनी त्याचं गुपित फोडलं नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी, 23 नोव्हेंबरला, त्यानं स्वतःच्या नावानं निवेदन काढून आजार जाहीर केला. आणि पुढच्या वर्षी, 20 एप्रिल 1992 ला, सोबत्यांनी लंडनच्या वेम्ब्ली मैदानात हजारो लोकांपुढे एड्सचं नाव मोठ्यानं घेऊन त्याच्यासाठी कार्यक्रम केला. त्यातून निघालेला ट्रस्ट एड्सविरुद्ध जगभर काम करतो.

मैत्रिणींनो, गुपित तिथेही होतं आणि आमच्या घरीही होतं. तिथे ते आजारी माणसाला जपण्यासाठी होतं. आमच्याकडे ते घराचं नाव जपण्यासाठी होतं, आणि त्याची किंमत मामीनं भरली. वीस वर्षं मी स्वतःला त्या गटाची भक्त म्हणवत होते, आणि त्यांच्यासारखं एकदाही वागले नव्हते.

घरी येताना रिक्षात मी यांना सगळं सांगितलं. मामा, कप, लाल दोरा. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पत्ता आहे का तुझ्याकडे?"

पत्ता आईनं दिला. तिच्याकडे तो एवढी वर्षं होता. डिसेंबरमधल्या एका रविवारी मी गणेशपेठच्या स्टँडवरून हिंगणघाटची गाडी धरली. बुटीबोरी, जाम, हिंगणघाट. ऐंशी किलोमीटरसुद्धा नाही! एवढंसं अंतर कापायला मला एकोणीस वर्षं लागली.

मामी ब्लाउज शिवत होती. चष्मा वर करून बघितलं, ओळखायला थोडा वेळ लागला. "बाप्पा, केवढी झाली तू!" म्हणाली. मग सांगू लागली. तपासणीत मामाबरोबर तिचंही रक्त दोषी निघालं होतं. 2007 मध्ये ती अगदी मरणाला टेकली, तेव्हा भावानं सरकारी दवाखान्यात नेलं. सरकारनं 2004 पासून ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली आहे. तेव्हापासून वेळ न चुकवता गोळी घेते. आता माझ्यापेक्षा तीच ठणठणीत दिसत होती.

बोलता बोलता ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चहा मांडू का? घेशीन ना तू?"

तो प्रश्न किती जणांना विचारून झाला असेल आणि किती जणांनी 'आत्ताच झाला' म्हणून सांगितलं असेल, ते मला तिच्या आवाजावरून कळलं. मी म्हटलं, "हाव मामी. साखर जरा जास्त." दोन सारखे कप आले. कशालाही दोरा नव्हता. मी दोनदा चहा घेतला.

निघताना तिनं विचारलं, "ती कॅसेट आहे का गं अजून? मुंबईच्या दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन निघालो न आम्ही, तवा फुटपाथवर घेतली. मामा तुझा म्हणे, पोरीसाठी काहीतरी नेऊ. मीच निवडली. चौघं कसे एकमेकाला धरून आहेत फोटोत, म्हणून."

कॅसेट आहे. वाजत नाही, पण आहे.

मामी आता वर्षातून दोन-तीनदा आमच्याकडे येते. सासूबाईंना मी आधीच खरं सांगितलं होतं. एक दिवस त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन काय ते विचारून आल्या आणि मला म्हणाल्या, "त्यांना भरली वांगी चालतात ना?" मागल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या दिवशी मामी बाजूच्या खोलीत बसून राहिली होती. सासूबाईंनी स्वतः जाऊन तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिचं आणि क्वीनचं मात्र काही जमलेलं नाही. "कव्वालीच बरी होती," म्हणते.

जाता जाता शिक्षिकेच्या सवयीनं चार गोष्टी सांगते. एकत्र जेवल्यानं, कपबशीनं, कपड्यांनी, हात धरल्यानं किंवा डास चावल्यानं एच.आय.व्ही. लागत नाही. तो लागतो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला, आणि वेळेवर औषधं घेतली तर बाळालाही वाचवता येतं. नियमित औषधांनी विषाणू इतका कमी होऊ शकतो की तपासणीत सापडत नाही, आणि मग शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही. 2017 च्या कायद्यानं अशा बाईला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, घरातल्या सोयी वापरण्यातही भेदभाव करता येत नाही. काही विचारायचं असेल तर 1097 हा सरकारी मदतीचा क्रमांक आहे.

आणि हो, तुमच्या माहेरी, सासरी, शेजारी कोणाचा कप वेगळा ठेवलेला असेल, तर तो एकदा उचलून फडताळात बाकीच्यांबरोबर ठेवा. दोरा सोडायला अर्धं मिनिटही लागत नाही.